खाल्लेली साखर जाते कुठे, आणि लो-कार्बवाल्यांनी घराबाहेर का पडायचं

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी त्या अख्ख्या रक्तात साखर किती असते माहितीये? साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा, बास. फास्टिंग शुगर दोनदा १२६ (म्हणजे १०० मिली रक्तात १२६ मिलिग्रॅम) किंवा त्याच्या वर आली की डायबेटिसचा शिक्का बसतो. तीच १२६ अशी ग्रॅममध्ये मोजली तर सव्वासहा होते, म्हणजे नॉर्मल माणूस आणि डायबेटिक यांच्या रक्तातला फरक धड अर्ध्या चमच्याचा पण नाही. आता एका जेवणाचा हिशोब बघा, मोठी वाटी भरून भात म्हणजे ४५ ग्रॅमच्या आसपास कार्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे साखर आणि पोटात जाऊन जिची साखर होते ती स्टार्च), सोबत कोल्ड्रिंकचा एक कॅन म्हणजे आणखी ३५, झाले ऐंशी. जिथे एक चमचा असायला पाहिजे तिथे वीस चमचे येणार आहेत. एकदम नाही, झिरपत झिरपत, पण येणार आहेत आणि शरीराला ते कुठेतरी नेऊन ठेवावेच लागतात.

कुठे ठेवतं, हाच सगळा खेळ आहे. लो-कार्बवरून रोज एवढी भांडणं चालतात, त्यात या भागावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, ते तो आपलं घेत राहतो. लिव्हरमध्ये ८०-१०० ग्रॅम मावतं. बाकीचं स्नायूंमध्ये, सगळे स्नायू मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास, अंगकाठीप्रमाणे कमीजास्त. हा साठा असतो ग्लायकोजेनच्या रूपात. म्हणजे टाकी आहे, पण छोटीशी, अर्ध्या किलोची. आणि तिची एक गंमत आहे. लिव्हरमधला साठा रक्तात परत येऊ शकतो, रात्रभर काही न खाता साखर पडत नाही ती त्यामुळेच, पण स्नायूत गेलेलं ग्लुकोज ग्लुकोज म्हणून रक्तात परत येत नाही कारण त्याला लागणारं एन्झाइमच स्नायूकडे नसतं. ज्या स्नायूत गेलं त्यानेच ते जाळायचं. मांडीतली टाकी मांडीनेच रिकामी करायची, हाताने डंबेल उचलून ती रिकामी होणार नाही. आणि शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू कुठले, तर मांड्या आणि पार्श्वभागाचे, म्हणजे दिवसभर आपण खुर्चीत ज्यांच्यावर बसून असतो तेच!

म्हणून माझ्या मते कार्ब कमी खा आणि बाहेर पडून चाला हे दोन वेगळे सल्ले नाहीतच. एकाने टाकीत येणारं कमी होतं, दुसऱ्याने टाकीला जागा होते. नुसतं एकच धरून बसलं तरी थोडाफार फायदा आहे, पण भरलेल्या टाकीचा माणूस जेवला की शरीर येणारं कार्ब आधी जाळायला घेतं आणि त्याच ताटातलं फॅट साठवून टाकतं. "कार्बची चरबी होते" असं सरसकट म्हणतात ना, त्यात हा भाग मोठा आहे, थेट रूपांतर पण होतं, पण रोजच्या साध्या खाण्यात ते त्यामानाने कमी.

आता जरा पेशीत जाऊन बघू कारण इथेच खरी मजा आहे. स्नायूच्या पेशीत ग्लुकोज आपलं आपण शिरू शकत नाही, त्याला आत घ्यायला ग्लूट-४ नावाचं प्रोटीन लागतं. हे प्रोटीन एरवी पेशीच्या आतच बारीक बारीक पुड्यांमध्ये पडून असतं. जेवण झालं, इन्सुलिन आलं, ते पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला चिकटलं, आतमध्ये एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा निरोप गेला आणि मग त्या पुड्या पृष्ठभागावर येऊन चिकटल्या, मग साखर आत. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे ही निरोपानिरोपी बिघडलेली असते, इन्सुलिन आहे पण आत कुणी ऐकत नाही. पण तोच स्नायू आकुंचन पावला, नुसतं चालताना पावतो तेवढा, तरी त्याच पुड्या वर येतात आणि त्यासाठी इन्सुलिनच्या निरोपाची गरज लागत नाही, तो रस्ताच वेगळा. टाइप २ डायबेटिस असणाऱ्यांमध्येसुद्धा हा दुसरा रस्ता बऱ्यापैकी शाबूत असतो. आणि व्यायाम संपल्यावर तो स्नायू पुढचा एखाद दिवस इन्सुलिनचं जास्त ऐकतो, दोन दिवसांपर्यंत धरा, म्हणून मध्ये एक दिवस खाडा झाला तर बिघडत नाही पण पाच दिवस बसून रविवारी एकदम डोंगर चढायचा हे काही खरं नाही.

यातून निघणारी सगळ्यात स्वस्त आणि मस्त सवय म्हणजे जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं. साखर जेवणानंतर साधारण पाऊण ते एक तासात शिखरावर जाते, ती चढत असतानाच पाय हलायला पाहिजेत. दंडावर सीजीएम सेन्सर, म्हणजे साखर सतत मोजत राहणारं यंत्र, लावलेल्या माणसाचा मोबाईल कधी हातात घेऊन बघा. जेवून सोफ्यावर बसला असेल तर रेघ सरळ वर चढून उंच टोकावर जाते आणि मग रेंगाळत खाली येते, आणि तेच जेवण करून चालला असेल तर शिखर बोथट झालेलं दिसतं. वेगात चालायची गरज नाही, घाम तर अजिबात नको, रमतगमत चाललं तरी फरक पडतो. जेवणाचा क्रमही असाच, आधी भाजी आणि प्रोटीन म्हणजे अंडं, मासा, पनीर, डाळ वगैरे आणि भात-ब्रेड-बटाटा शेवटी, तर तेवढंच कार्ब खाऊनसुद्धा साखर कमी उसळते कारण पोटातून अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. पदार्थ तेच, ताटही तेच, फक्त आधी काय नंतर काय.

आता लो-कार्ब म्हणजे नक्की किती? यावर एकमत नाही, पण दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली गेलं की साधारण लो-कार्ब म्हणतात आणि २० ते ५० ग्रॅमवर आलं की किटोजेनिक. किटोत लिव्हर चरबीपासून किटोन नावाचं इंधन बनवते आणि मेंदू बराचसा त्यावर चालतो. हे खूळ नवीन वाटतं पण १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी एपिलेप्सीसाठी हा आहार सुचवला होता आणि औषधांनी फिट्स न थांबणाऱ्या मुलांसाठी तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. सगळ्यांनी तिथपर्यंत जायची गरज आहे का? मला नाही वाटत. साखरेची पेयं, मैद्याचे पदार्थ, येता जाता तोंडात टाकायचं काहीतरी, एवढं गेलं तरी बऱ्याच जणांचं कार्ब निम्म्यावर येईल.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून उड्या मारणाऱ्यांसाठी: एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. अर्धा किलो ग्लायकोजेन बरंचसं संपलं की त्याचं पाणीही गेलं, दोन किलोचा हिशोब तिथेच लागला, चरबीला अजून फारसा हात पण लागलेला नाही. आणि एखाद्या लग्नात पोटभर खाल्लं की ते एका रात्रीत परत येतं तेसुद्धा पाणीच असतं, त्यामुळे दोन्ही वेळा काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. याच दिवसांत डोकं दुखणं, गळून जाणं, पायात गोळे येणं होतं कारण इन्सुलिन कमी झालं की किडनी जास्त मीठ बाहेर टाकते. पाणी आणि थोडं जास्त मीठ घेतलं की बहुतेकांना बरं वाटतं, ब्लड प्रेशर किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र मीठ आपल्या मनाने वाढवायचं नाही.

वजनाच्या बाबतीत लो-कार्ब जादू आहे का? स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमने ६०९ लोकांवर वर्षभर प्रयोग केला, २०१८ मध्ये निकाल आला. निम्मे लो-फॅट, निम्मे लो-कार्ब. वर्षाने लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाहीच. पण दोन्ही गटांत काही जणांचं वीस किलोच्या वर गेलं आणि काही जणांचं उलट वाढलं! आणि दोन्ही गटांना एक गोष्ट सारखीच सांगितली होती, साखर आणि मैदा शक्य तेवढा कमी करा, भाज्या भरपूर खा, जमेल तेवढं घरी शिजवलेलं खा. मला वाटतं खरा धडा तिथे आहे, पण त्यावर वाद घालता येत नाही म्हणून त्याची हेडलाइन होत नाही. रक्तातल्या साखरेचं मात्र वेगळं आहे, टाइप २ डायबेटिसमध्ये पहिल्या सहा महिन्यांत लो-कार्बचा फायदा चांगला दिसतो, वर्षाकडे जाता जाता तो फरक कमी होत जातो, मुख्य म्हणजे लोकांना इतके दिवस ते टिकवता येत नाही.

बरं, मग बाहेरच का? ट्रेडमिलवर पण पाय हलतातच की. हलतात, जिममध्ये जाणाऱ्यांशी माझं काही वैर नाही. पण बाहेर एक गोष्ट फुकट मिळते, उजेड. घरात किंवा ऑफिसात दिवे लावून ३००-५०० लक्स उजेड असतो, बाहेर ढगाळ असलं तरी तो हजारांत जातो आणि भर उन्हात लाखावर. आपला डोळा इतका जुळवून घेतो की हा फरक आपल्याला कळतही नाही, पण डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन असलेल्या काही पेशी असतात त्यांना तो बरोबर कळतो आणि त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. सकाळी उजेड मिळाला की रात्री झोप वेळेवर येते. आणि झोपेचा साखरेशी सरळ संबंध आहे, शिकागोत १९९९ मध्ये ११ तरुण निरोगी मुलांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं तर तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळायची क्षमता ढासळली, खाणं न बिघडवता! म्हणून खिडकीत बसून कॉफी पिण्यापेक्षा दाराबाहेर येऊन प्या. व्हिटॅमिन डीला तर काच अजिबात चालत नाही, त्याला लागणारे यूव्हीबी किरण साध्या काचेतच अडकतात.

दुसरं म्हणजे बाहेर माणूस जास्त वेळ टिकतो आणि हळू चालतो, आणि हळू चालणं ही लो-कार्बवाल्यांसाठी चांगलीच बातमी आहे. अंगात दहा किलो चरबी असेल, जी सडपातळ माणसाकडेसुद्धा असते, तर त्यात सत्तर हजारांच्या वर कॅलरी आहेत, आणि अर्धा किलो ग्लायकोजेनमध्ये फक्त दोन हजार. गप्पा मारत चालता येईल अशा वेगाला शरीर मुख्यतः चरबी जाळतं, धाप लागून वाक्य तुटायला लागलं की ग्लायकोजेनचा वाटा वाढत जातो, कारण चरबी जाळायला तेवढ्याच कामासाठी ऑक्सिजन जास्त लागतो. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी हे ऑलिम्पिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर तपासलं, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तीन आठवडे लो-कार्ब हाय-फॅटवर ठेवलेल्या खेळाडूंची चरबी जाळायची क्षमता प्रचंड वाढली, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागायला लागला आणि शर्यतीतला वेळ काही सुधारला नाही, कार्ब खाणारे मात्र सुधारले. आपल्याला शर्यत जिंकायची नाहीये, चार तास टेकडीवर फिरायचंय, तिथे हा तोटा जाणवणार पण नाही. उभा चढ असेल, पाठीवर सॅक असेल, तर मात्र खिशात एखादं केळं किंवा मूठभर खजूर ठेवायला लाजू नका, मोठ्या चढावर चाललेल्या मांडीला गेलेलं कार्ब वाया जात नाही.

आणि सॅकेत बाकी काय? उकडलेली अंडी, शेंगदाणे-बदाम, चीज, काकडी, पाणी आणि घाम येणार असेल तर चिमूटभर मीठ. प्रोटीन बार घेणार असाल तर आधी पाकीट उलटं करा. समोर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सोडा, मागे "टोटल कार्बोहायड्रेट" बघा आणि घटकांची यादी बघा, ती वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी पुरे. "शुगर फ्री" बिस्किटात बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचं असतं, आणि मैदा म्हणजे स्टार्च, पोटात जाऊन ग्लुकोजच. माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर समजा की ते साखरेच्या रकान्यात बहुतेक दिसणारच नाही पण रक्तात साखरेइतकंच किंवा जरा जास्तच जोरात उसळतं.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून घेऊ नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कार्ब एकदम कमी केलं आणि वर चालणंही वाढवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, हात थरथरणं, घाम फुटणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, म्हणून डोस आधी डॉक्टरकडून कमी करून घ्यायचा आणि बाहेर पडताना ग्लुकोजच्या गोळ्या खिशात असल्याच पाहिजेत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असतील तर किटो करूच नका, त्यात साखर नॉर्मल दिसत असतानासुद्धा किटोअॅसिडोसिस, म्हणजे किटोन फार वाढून रक्त आम्लधर्मी होणं, होऊ शकतो, मळमळ, पोटदुखी, धाप असं काही सुरू झालं तर ग्लुकोमीटरवरचा आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबायचं नाही. गरोदर बायका आणि किडनीचे पेशंट यांनीसुद्धा आधी डॉक्टरांना विचारूनच. आणि लो-कार्ब सुरू करून तीनेक महिने झाले की एकदा लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, करून घ्या, काही जणांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) या खाण्यात चांगलंच वर जातं, आणि ते अंगात कुठेच जाणवत नाही.