संदेशांच्या पुरातून पत्ता शोधणारे

आपत्तीत इंटरनेटवरून मदत जुळवण्याची वाट कुठल्या सरकारी खात्याने पाडलेली नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर लगेच मुंबईतल्या काही ब्लॉगलेखकांनी सामायिक ब्लॉग उघडून बेपत्तांची माहिती आणि मदतीचे तपशील एका जागी आणले. 11 जुलै 2006 ला लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, फोन लागेनात. तेव्हा परगावी असलेले लोक ‘मुंबई हेल्प’ या ब्लॉगवर घरच्यांची चौकशी करत आणि इथलं कुणीतरी अनोळखी माणूस फोन लावून त्यांची खुशाली कळवत असे.

खरा कस लागला तो हैतीत. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपाने तिथली राजधानी पोर्तोप्रिन्स कोसळली. काही दिवसांतच 4636 या क्रमांकावर फुकट एसएमएस पाठवायची सोय झाली आणि संदेशांचा ओघ सुरू झाला. ते बहुतेक क्रेओल भाषेत असायचे, आणि बाहेरून आलेल्या बचाव पथकांना ती येत नव्हती. मग परदेशांत स्थायिक झालेले हैतीचे लोक ऑनलाइन भाषांतराला बसले. तरी प्रश्न उरायचाच: ही गल्ली नेमकी कुठली? हाती असलेल्या नकाशांत बरेच रस्तेच नव्हते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशाच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रं बघून ते रेखाटले, तेव्हा कुठे हाका ‘उशाहिदी’ या लोकांचे संदेश नकाशावर मांडणाऱ्या संगणकप्रणालीच्या नकाशावर नेमक्या जागी उमटू लागल्या. उशाहिदी मूळची केनियातली. निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराची नोंद ठेवण्यासाठी 2008 मध्ये ती उभी राहिली होती. या इतिहासात तंत्रज्ञानाचं कौतुक पुष्कळ होतं. मला मात्र त्या भाषांतरकारांचं मोल जास्त वाटतं. ते त्याच शहरात वाढलेले असले, तर ‘अमक्या चर्चच्या मागे’ म्हणजे कुठे, हे त्यांनाच सांगता येत होतं.

ऑगस्ट 2018 च्या महापुरात केरळ सरकारने स्वयंसेवक अभियंत्यांना सोबत घेऊन ‘केरळ रेस्क्यू’ हे संकेतस्थळ चालवलं. विखुरलेल्या हाका एका यादीत आल्या. पण सुटका झालेल्या कुटुंबांचे जुने संदेशही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच राहिले, त्यामुळे प्रत्येक नंबरवर फोन करून ‘अजून अडकलेले आहात का?’ हे विचारणं हेच मोठं काम होऊन बसलं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्वयंसेवक तसेच फोन करून ऑक्सिजन आणि खाटांच्या याद्या पडताळत होते. समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांची मुस्कटदाबी झाली तर तो न्यायालयाचा अवमान मानू, असं सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2021 ला बजावलं.