बुर्कान क्षेपणास्त्र

येमेनच्या यादवी युद्धात हुती बंडखोरांनी (अन्सार अल्लाह) सौदी अरेबियावर डागलेली, द्रव इंधनावर चालणारी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रमालिका. अरबीत ‘बुर्कान’ म्हणजे ज्वालामुखी. बुर्कान-१ (२०१६), बुर्कान-२ एच (२०१७) व बुर्कान-३ (२०१९) ही तिची प्रमुख रूपे. पल्ला १,००० किमी.च्या आत असलेली क्षेपणास्त्रे लघु पल्ल्याची, ही रूढ विभागणी लावली तर बुर्कान-१ बिनदिक्कत त्या वर्गात बसते. बुर्कान-२ एच नेमके सीमारेषेवर येते. ते ज्या रियाधपर्यंत पोहोचले ते उत्तर येमेनपासून साडेनऊशे किमी.च्या आसपास आहे, त्यामुळे येथे ते लघु पल्ल्याचेच मानले आहे.

येमेनला क्षेपणास्त्रे नवी नव्हती. दक्षिण येमेनने शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाकडून स्कड-बी ही बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे घेतली होती व १९९४ च्या यादवीत ती सनावर डागलीही गेली. डिसेंबर २००२ मध्ये स्पॅनिश नौदलाने अरबी समुद्रात ‘सो सान’ हे जहाज अडवले, तेव्हा सिमेंटच्या पोत्यांखाली उत्तर कोरियाहून येमेनला निघालेली १५ स्कड-प्रकारची क्षेपणास्त्रे सापडली. खरेदी बेकायदा ठरत नसल्याने अमेरिकेला ती सोडून द्यावी लागली. हुतींनी माजी राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांच्याशी हातमिळवणी करून सना घेतले (२०१४), त्यासोबत सैन्यातील क्षेपणास्त्र दलाचा मोठा भाग, त्यातील जाणकार माणसांसह, त्यांच्या बाजूला आला. बुर्कान येमेनी बनावटीचे की इराणी, या पुढील सर्व वादात हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ६ जून २०१५ रोजी खमीस मुशैतच्या दिशेने स्कड डागले गेले. ४ सप्टेंबर २०१५ रोजी मारिब प्रांतातील साफेर तळावर पडलेल्या एका तोचका या सोव्हिएत बनावटीच्या लघु पल्ल्याच्या क्षेपणास्त्राने हुतींविरुद्धच्या सौदी आघाडीतील संयुक्त अरब अमिरातीचे ५२, सौदीचे १० व बहरीनचे ५ सैनिक मारले. परिणामाच्या दृष्टीने बुर्कानच्या कोणत्याही माऱ्यापेक्षा हा हल्ला भारी होता. त्याच वर्षाअखेर एस-७५ या सोव्हिएत विमानवेधी अस्त्राला जमिनीवरील लक्ष्यांसाठी वळवून ‘काहेर-१’ (पल्ला सु. २५० किमी.) पुढे आणले गेले. याच एस-७५ च्या अभ्यासातून भारताच्या पृथ्वी क्षेपणास्त्राच्या इंजिनाची वाट निघाली असे सामान्यतः मानले जाते, म्हणजे ही युक्ती काही येमेनपुरती नाही.

बुर्कान-१ सप्टेंबर २०१६ च्या आरंभी ताइफच्या हवाई तळावर डागल्याचे हुतींनी जाहीर केले. त्यांच्या माहितीनुसार लांबी १२·५ मी., वजन ८ टन, स्फोटशीर्ष अर्धा टन व पल्ला ८०० किमी.हून अधिक. व्यास (०·८८ मी.) स्कडचाच आहे. मूळ स्कड-बी सु. ११ मी. लांब असून एक टनाच्या आतबाहेरचे स्फोटशीर्ष ३०० किमी. नेते. स्फोटशीर्ष हलके करून व टाक्या लांबवून पल्ला वाढवणे हा जुना मार्ग आहे. इराकने १९८७ मध्ये ‘अल-हुसेन’ असेच घडवले होते. त्याचा पल्ला दुपटीने वाढला, पण खाली येताना ते हवेतच मोडून पडे. त्यामुळे बुर्कान-१ हे येमेनी कार्यशाळेत वाढवलेले स्कड (किंवा उत्तर कोरियाचे ह्वासोंग-६) असल्याचे मत आरंभी मांडले गेले व ते असंभाव्य म्हणता येत नाही.

बुर्कान-२ एचबाबत मात्र हे मत टिकत नाही. २२ जुलै २०१७ रोजी यान्बूच्या दिशेने व ४ नोव्हेंबर २०१७ रोजी रियाधच्या किंग खालिद विमानतळाकडे डागलेल्या क्षेपणास्त्रांचे अवशेष सौदीने राखून ठेवले. येमेनवरील निर्बंधांवर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने ते प्रत्यक्ष पाहिले. त्यांत तीन गोष्टी ठळक दिसतात. पहिली, शेपटीला पंख नाहीत. पंख काढले की वजन व हवेचा रोध घटतो, पण अस्त्र उड्डाणात अस्थिर होते आणि त्याला सावरायला अधिक चपळ मार्गदर्शनयंत्रणा लागते; स्कडची सांगाडाजोड करणाऱ्या कार्यशाळेला ही उडी सोपी नाही. दुसरी, इंधन व ऑक्सिडीकारक (इंधन जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य) भरण्याच्या नऊ झडपा. इतक्या झडपा इराणच्या कियाम-१ (पहिली चाचणी २०१०) या क्षेपणास्त्रात आढळतात, स्कडमध्ये नाहीत. तिसरी, एका सुट्या भागावर इराणच्या शाहिद बाघेरी औद्योगिक समूहाच्या मुद्रेशी मिळतीजुळती खूण. बाटलीच्या बुचासारखे निमुळते होत जाणारे, उड्डाणात धडापासून सुटणारे स्फोटशीर्षही कियामच्या धाटणीचे आहे. १४ डिसेंबर २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेच्या प्रतिनिधी निक्की हेली यांनी हेच अवशेष वॉशिंग्टनमधील लष्करी तळावर पत्रकारांपुढे मांडले. इराणचे परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ यांनी त्याची तुलना २००३ मध्ये इराकबाबत कॉलिन पॉवेल यांनी केलेल्या सादरीकरणाशी केली आणि शस्त्रे पुरवल्याचा आरोप नाकारला.

तज्ज्ञमंडळाच्या जानेवारी २०१८ च्या अहवालाचा निष्कर्ष अनेकदा ताणून उद्धृत केला जातो. बुर्कान-२ एच हे कियाम-१ चे हलके केलेले रूप आहे आणि अशा वस्तू येमेनला जाऊ न देण्याची जबाबदारी (सुरक्षा परिषदेचा ठराव २२१६, २०१५) इराणने पाळली नाही, एवढे मंडळाने म्हटले. पुरवठादार कोण, याचा पुरावा हाती नसल्याचेही त्यात नोंदले आहे. धडावरील ओबडधोबड जोडकामावरून (वेल्डिंग) मंडळाने असा तर्क केला की क्षेपणास्त्रे तुकड्यांत येऊन येमेनमध्ये जोडली गेली असावीत. मार्ग बहुधा ओमानकडून वा येमेनच्या पूर्व टोकाच्या अल-महरा किनाऱ्यावरून खुष्कीचा. रचना व मुख्य भाग इराणी, जोडणी येमेनी, हे मत आज सर्वांत पटणारे आहे. ‘संपूर्ण स्वदेशी’ हा हुतींचा दावा व ‘तयार क्षेपणास्त्र पाठवले’ हा आरोप, दोन्ही या जोडकामापाशी अडखळतात. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी सुरक्षा परिषदेत इराणला दोष देणारा ब्रिटिश ठरावाचा मसुदा रशियाने नकाराधिकार वापरून अडवला.

माऱ्याच्या परिणामांबाबतही दोन बाजूंची विधाने जुळत नाहीत. ऑक्टोबर २०१६ अखेर डागलेले बुर्कान-१ मक्केपासून ६५ किमी.वर पाडल्याचे सांगून सौदीने त्याचे लक्ष्य मक्का असल्याचे म्हटले. हुतींच्या मते लक्ष्य जेद्दाचा विमानतळ होते. जेद्दा मक्केपासून जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असल्याने केवळ या आकड्यावरून निवाडा होत नाही. ४ नोव्हेंबर २०१७ चे क्षेपणास्त्र पेट्रियट या अमेरिकी क्षेपणास्त्रवेधी यंत्रणेने पाडल्याचे अधिकृत निवेदन होते. अवशेष कोठे पडले आणि विमानतळावर धूर कोठून उठला, याच्या छायाचित्रांवरून अमेरिकी विश्लेषकांनी वेगळा अर्थ लावला: धड मागे पडले, पण सुटलेले स्फोटशीर्ष पेट्रियटच्या तळावरून पुढे जाऊन देशांतर्गत उड्डाणांच्या इमारतीजवळ फुटले. सुटणारे शीर्ष लक्षात घेता हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. या हल्ल्यानंतर दोनच दिवसांत सौदी आघाडीने येमेनची बंदरे व विमानतळ बंद केले. त्याची झळ क्षेपणास्त्रापेक्षा कितीतरी अधिक लोकांना लागली. १९ डिसेंबर २०१७ रोजी रियाधमधील यमामा राजवाडा लक्ष्य करण्यात आला. २५ मार्च २०१८ च्या रात्री एकूण सात क्षेपणास्त्रे डागली गेली, त्यांतील तीन रियाधवर. पडलेल्या तुकड्यांनी एक इजिप्शियन कामगार ठार झाला. त्या रात्रीच्या चित्रफितींत एक पेट्रियट हवेत वळून शहरातच कोसळताना दिसते.

बुर्कान-३ ऑगस्ट २०१९ मध्ये दम्मामच्या दिशेने डागल्याचे हुतींनी सांगितले; त्याचाच पुढे ‘झुल्फिकार’ असा उल्लेख होऊ लागला. पल्ल्यानुसार ते मध्यम वर्गात मोडते. १७ जानेवारी २०२२ च्या अबू धाबीवरील हल्ल्यात ड्रोन व क्रूझ क्षेपणास्त्रांबरोबर झुल्फिकारही वापरल्याचा हुतींचा दावा आहे. त्या हल्ल्यात दोन भारतीय व एक पाकिस्तानी कामगार मरण पावले. २ एप्रिल २०२२ च्या युद्धबंदीनंतर सौदी शहरांवरील बॅलिस्टिक मारा थांबला.