फोनवरचा मेसेज गेला कुठं?

व्हॉईसमेल, आयव्हीआर (फोन उचलून "१ दाबा, २ दाबा" सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज) आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात आम्ही ज्यांच्याकडे ईपीएबीएक्स (ऑफिसातले सगळे फोन जोडणारं मशीन) किंवा आयपी सिस्टीम (तेच काम इंटरनेटवरून करणारी) बसवलीय त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. आम्हाला येणारा नेहमीचा फोन म्हणजे "सिस्टीम खराब झालीय, माणूस पाठवा". मग आमचा माणूस ट्रॅफिकमधून दीड तासाने पोचतो, दोन मिनिटांत एक सेटिंग बदलतो, चहा पितो आणि परत येतो, आणि तोपर्यंत तुमच्या पार्टीने दुसरीकडे ऑर्डर दिलेली असते. मशीन खरंच बिघडलंय असं क्वचित निघतं. मेसेज कुठंतरी पडलेला असतो किंवा कॉल मधल्याच एखाद्या टप्प्यावर अडकलेला असतो, तो टप्पा कुठला हे तुम्हाला शोधता आलं की अर्धं काम झालं.

आधी एक टेस्ट कॉल

स्वतःच्या मोबाईलवरून, ऑफिसच्या बाहेर उभं राहून, तुमच्या मेन नंबरला फोन लावा. इंटरकॉमवरून टेस्ट करू नका, आतला कॉल आयव्हीआरमधून जातच नाही त्यामुळे सगळं ठीक वाटतं आणि बाहेरच्या माणसाला मात्र काहीतरी भलतंच ऐकू येत असतं. घड्याळ बघून लिहून ठेवा: किती सेकंदांनी वेलकम मेसेज आला, बटण दाबल्यावर पुढं गेला का, एक्स्टेन्शन (टेबलावरचा आतला फोन) किती वेळ वाजलं, मग बीप आला की कट झाला. एवढं सांगितलंत तर बऱ्याचदा आम्ही फोनवरच सांगू शकतो काय करायचं ते.

दिवसाढवळ्या "ऑफिस बंद आहे" ऐकू येतंय

हे घड्याळाचं दुखणं. आयपी सिस्टीम रीसेट झाली की तिचा टाइमझोन कधीकधी यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) जातो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुमचं ऑफिस साडेनऊला उघडतं, पण मशीनच्या हिशोबाने तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात, त्यामुळे ते दुपारी तीनपर्यंत रात्रीचाच मेसेज वाजवत बसतं. दुपारी तीननंतर आपोआप ठीक होतं म्हणून लोकांना वाटतं लाईनचा प्रॉब्लेम होता, गेला. कोणी सांगितलं की "सकाळी लागत नाही, दुपारी लागतो" तर आम्ही आधी टाइमझोनच बघतो. जुन्या ईपीएबीएक्समध्ये आतली छोटी बॅटरी संपली की लाईट गेल्यावर घड्याळ शून्यावर येतं, तिथं बॅटरी बदलणं हाच उपाय.

दुसरी गंमत वीकली ऑफची. मशीनमध्ये तयार वेळापत्रक शनिवार-रविवार सुट्टीचं असतं आणि आपल्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी. बदललं नाही तर रविवारी सगळे कामावर असताना फोन व्हॉईसमेलला जाणार आणि गुरुवारी रिकाम्या ऑफिसात घंटी वाजत राहणार. दिवाळीचा स्पेशल मेसेज टाकलात तर तो काढायची तारीखही त्याच वेळी सेट करा, आम्ही संक्रांतीपर्यंत "दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा" ऐकलेल्या आहेत.

बटण दाबलं तरी पुढं जात नाही

ग्राहक १ दाबतो आणि बाई परत पहिल्यापासून बोलायला लागते. बटणाचा आवाज, म्हणजे डीटीएमएफ टोन, मशीनपर्यंत नीट पोचत नाहीये. इंटरनेटवरच्या लाईनला आवाज कमी जागेत बसवण्यासाठी दाबला जातो, जी ७२९ सारख्या कोडेकमध्ये (आवाज दाबायच्या पद्धतीत) माणसाचं बोलणं नीट कळतं पण टोनची वाट लागते. म्हणून टोन आवाजातून न पाठवता वेगळा पाठवायचा असतो, सेटिंगमध्ये डीटीएमएफ मोडला "आरएफसी २८३३" हा पर्याय निवडा (काही मशीनमध्ये तोच ४७३३ नावाने दिसतो). लाईन देणाऱ्या कंपनीकडेही तेच सेटिंग हवं, एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं असेल तर कधी बटण लागतच नाही, कधी एकदा दाबलेलं दोनदा लागतं.

आवाज एकाच बाजूने येतोय, किंवा व्हॉईसमेल रेकॉर्ड होतो पण आत नुसती शांतता, असं असेल तर राऊटरमध्ये जाऊन एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग (इंटरनेटवरचे कॉल राऊटरमधून नीट जावेत म्हणून दिलेलं) बंद करा. नाव असं की वाटतं मदत करत असेल, प्रत्यक्षात आम्ही ते दिसेल तिथं बंद करतो. नवीन इंटरनेट घेतलं, त्यांनी आपला राऊटर बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून आवाज गेला, हे आता इतकं नेहमीचं झालंय की राऊटर बदलताना आधी आम्हाला एक फोन करा.

मेलबॉक्समध्ये नुसतं टूं टूं टूं

साध्या लँडलाईनवर हे फार होतं. समोरच्याने फोन ठेवला हे मशीनला कळत नाही, कारण ते कळायचा बहुतेक ठिकाणी एकच मार्ग, म्हणजे फोन ठेवल्यावर येणारा टोन ओळखणं. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद चालू पाऊण सेकंद बंद. मशीन परदेशी सेटिंगवर असेल तर त्याला हा टोन म्हणजे कोणीतरी बोलतंय असं वाटतं आणि ते शेवटपर्यंत रेकॉर्ड करत बसतं, तोवर लाईनही अडकून राहते आणि बाहेरच्यांना एंगेज लागतो. लाईन सेटिंगमध्ये देश "इंडिया" करा. सोबत आणखी दोन गोष्टी करा, मेसेजची जास्तीत जास्त लांबी तीन मिनिटं ठेवा, आणि तीन सेकंदांपेक्षा छोटे मेसेज साठवूच नका म्हणून सांगा, म्हणजे बीप ऐकून फोन ठेवणाऱ्यांचा कचरा जमणार नाही.

मेलबॉक्स फुल झाला तर नवीन मेसेज घेतलाच जात नाही. बऱ्याच मशीनमध्ये एका फोल्डरला १०० मेसेजची मर्यादा आधीपासून ठरलेली असते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं एक्स्टेन्शन तसंच राहतं आणि त्याच्या बॉक्समध्ये महिनोन् महिने चौकश्या साचतात, हे तपासाच एकदा. फ्रीपीबीएक्स (फुकट मिळणारं ईपीएबीएक्सचं सॉफ्टवेअर) असेल तर आपला बॉक्स ऐकायला स्टार ९७ आणि दुसऱ्या एक्स्टेन्शनचा ऐकायला स्टार ९८.

ईमेलवर व्हॉईसमेल यायचा बंद झाला

मे २०२२ च्या अखेरीस गूगलने साध्या जीमेल खात्यांसाठी नुसता आयडी-पासवर्ड टाकून मशीनमधून मेल पाठवणं बंद केलं. आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो आणि तो मशीनमध्ये टाकावा लागतो. यातली मेख अशी की तुम्ही जीमेलचा मुख्य पासवर्ड बदललात की हा अ‍ॅप पासवर्डही रद्द होतो. अकाउंटंट बदलला म्हणून मालकांनी खबरदारीने पासवर्ड बदलला, चांगलंच केलं, पण व्हॉईसमेल त्या दिवसापासून येत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण न आलेला मेल दिसत नसतो.

इथंच एक धोका आहे. "ईमेल केल्यावर मशीनमधून डिलीट करा" असा एक पर्याय असतो. तो चालू असेल आणि ईमेल वाटेतच अडकला तर मेसेज दोन्हीकडून गेला, तो आम्हालाही काढता येत नाही. आमचं म्हणणं, हा पर्याय बंदच ठेवा. मग फोनवरचा लाल दिवा ईमेल ऐकल्यावरही लुकलुकत राहील, त्याबद्दलही तक्रारी येतात, पण तो दिवा मशीनमधला मेसेज ऐकेपर्यंत तसाच राहणार. लुकलुकणारा दिवा परवडला.

कॉल मोबाईलवर फॉरवर्ड होत नाही

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना पुढं शून्य लावावा लागतो. त्याआधी सेट केलेल्या मशीनमध्ये फॉरवर्डचे नंबर दहा आकडीच राहिलेत, कुठंकुठं अजूनही सापडतात. आणि तुमच्याकडे बाहेरची लाईन घ्यायला शून्य दाबावा लागत असेल तर शून्य दोनदा, एक लाईनचा आणि एक मोबाईलचा.

मोबाईलवर गेलेला कॉल उचलला नाही तर परत व्हॉईसमेलला यायला हवा, पण साध्या लाईनवर तो येत नाही. पलीकडून कोणी उचललं की "ग्राहक संपर्क क्षेत्राबाहेर आहे" ची टेप वाजली हा फरक मशीनला कळत नाही, त्याच्या लेखी फोन उचलला गेला. यावर कन्फर्म कॉल हे सेटिंग चालू करायचं, मग मोबाईलवाल्याने १ दाबल्याशिवाय कॉल जोडला जात नाही आणि नाही दाबला तर बिनचूक व्हॉईसमेलला परत येतो. साहेब लोकांना १ दाबायचा कंटाळा येतो, माहितेय.

मोबाईलवरचं फॉरवर्डिंग फोनच्या सेटिंगमधून करा. कुरिअरवाला, बँकवाला, कोणीही "स्टार ४०१ डायल करून हा नंबर दाबा" म्हणाला तर दाबू नका, त्याने तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात आणि कॉलवर येणारे ओटीपीही. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ही कोडवाली सेवा बंद ठेवायला लावली. चुकून काही झालंय अशी शंका असेल तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, मोबाईलवरची सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात.

लाईट गेली की लँडलाईनपण जाते

जुन्या तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजकडूनच करंट यायचा, त्यामुळे अंधारातही फोन चालायचा. फायबरवर तसं नाही, भिंतीवरचा छोटा डबा बंद पडला की फोन बंद. ईपीएबीएक्सला यूपीएस असतो पण या डब्याला नसतो, त्यालाही द्या.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस

ऑफिसचा लँडलाईन नंबर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसला जोडता येतो, फक्त एसएमएस येणार नाही म्हणून "कॉल मी" निवडायचं. पण तो व्हेरिफिकेशनचा कॉल तुमच्या आयव्हीआरने उचलला तर तिकडची मशीन कोड सांगणार आणि इकडची मशीन "सेल्ससाठी १ दाबा" सांगणार, दोघींचं भांडण आणि कोड हुकला. पाच मिनिटं आयव्हीआर बंद ठेवा किंवा लाईन थेट साध्या फोनला लावा.

अवे मेसेज (ऑफिस बंद असताना आपोआप जाणारं उत्तर) जात नसेल तर बघा तो फोन नेटवर आहे का. ड्रॉवरमध्ये बंद पडलेल्या फोनवरून तो जात नाही. ग्रीटिंग मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस काही बोलणं न झालेल्यालाच जातो, त्यामुळे रोजच्या ग्राहकाला दिसत नाही ही तक्रार बिघाडात मोडत नाही. मुख्य फोन १४ दिवसांपेक्षा जास्त वापरला नाही तर कॉम्प्युटरवरचं लॉगिनही निघतं, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर हे हमखास होतं. आणि ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणांपर्यंत घेता येतात खरे, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. रेटलिस्ट पाठवायच्या आधी पार्टीला नंबर सेव्ह करायला सांगा.

एसएमएस

कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायला डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांकडे एसएमएस पाठवणाऱ्याची नोंद), हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मंजूर टेम्प्लेट (ठरलेला मजकूर) लागतं, आणि पाठवलेला मजकूर टेम्प्लेटशी जुळला नाही, अगदी एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी तो अडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदवलेली लागते. मराठीत लिहिणार असाल तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०, आणि काना, मात्रा, पाय मोडायचं चिन्ह सगळं वेगवेगळं मोजलं जातं. नुसतं "नमस्कार" सात अक्षरं खातं. लांबला तर एका मेसेजचे दोन मेसेज धरून बिल लागतं, तरीही मराठीतच पाठवा असं आमचं मत आहे, लोक वाचतात.

वेलकम मेसेज काय ठेवावा

आपल्याकडे लोकांना मशीनशी बोलायला लाज वाटते, मिस्ड कॉल देऊन मोकळे होतात. त्यात इंग्रजीत मिनिटभर कंपनीचा इतिहास ऐकवला तर कोण थांबणार. मराठीत, ऑफिसातल्याच कोणाच्या तरी आवाजात, पंधरा सेकंदांत संपवा. असं काहीतरी:

"नमस्कार, आत्ता आम्ही फोन घेऊ शकत नाही. बीपनंतर तुमचं नाव, नंबर आणि काम सांगा. आज संध्याकाळी सहापर्यंत आम्ही फोन करतो."

आणि खरंच करा. रेकॉर्ड करताना पंखा बंद करा, प्रेसशॉपच्या बाजूची खिडकीपण.

पिन

व्हॉईसमेलचा पिन १२३४, ०००० किंवा एक्स्टेन्शनचाच नंबर असेल तर आजच बदला. काही सिस्टीममध्ये मेलबॉक्समधून पुढं बाहेर कॉल लावता येतो, रात्रीतून कोणीतरी परदेशात कॉल करून ठेवतं आणि बिल तुमच्या नावावर येतं. आयएसडी लागत नसेल तर लाईन देणाऱ्या कंपनीकडून बंद करून घ्या, फक्त मशीनमध्ये लॉक करून भागत नाही.

आम्हाला फोन करायच्या आधी

कुठल्या नंबरवरून कॉल आला होता, किती वाजता, आणि काय ऐकू आलं, हे तीन लिहून ठेवा. "काल परवा कोणाचातरी लागत नव्हता" यावर लॉगमध्ये (मशीनमधल्या कॉलच्या नोंदींत) काहीच शोधता येत नाही. मशीन बंद-चालू करायचं असेल तर त्याआधी आम्हाला विचारा, कारण काही मशीनमध्ये रीस्टार्टनंतर जुना लॉग पुसला जातो आणि कारण सापडायचं राहूनच जातं. लाईनच मेलीय असं वाटलं तर ईपीएबीएक्सकडे येणारी वायर क्रोन बॉक्सजवळ (बाहेरच्या वायरी जोडायच्या डब्याजवळ) काढून साध्या फोनला लावून बघा, तिथंही डायल टोन नसेल तर तक्रार लाईन देणाऱ्या कंपनीकडे करायची, आमच्याकडे नाही.

एएमसीमध्ये (वर्षाच्या देखभाल करारात) सेटिंग बदलणं, रेकॉर्डिंग टाकणं, पिन रीसेट हे सगळं येतं. उंदरांनी कुरतडलेली वायर येत नाही, दरवर्षी पावसाळ्यात हा वाद होतो म्हणून आधीच लिहून ठेवतोय.