जमिनीखालचे जाळे आणि गोव्याची जांभ्याची माती

पावसाळ्यात रानातली अळमी (भूछत्रे) विकायला आली की बुरशीचा विषय निघतो, आणि हल्ली 'झाडे जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न पुरवतात' हेही कुणीतरी ऐकवतेच. रोयणीवरच्या, म्हणजे वाळवीच्या वारुळावरच्या, अळमीचा मात्र त्या जाळ्याशी संबंध नाही. तिची भागीदारी वाळवीशी. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पाचोळा उचलला की दिसणारे पांढरे धागेसुद्धा बहुतेक वेळा पाने कुजवणाऱ्या बुरशीचे असतात. माड, पोफळ, काजू, मिरी यांना अन्न मिळवून देणारी बुरशी मुळांच्या आत राहते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

मुळे आणि बुरशी यांची ही भागीदारी फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या रायनी इथल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म वनस्पतींतही ती सापडते. माणसाला तिचा उलगडा झाला तो 19व्या शतकाच्या अखेरीस. प्रशियाच्या सरकारला ट्रफल या महागड्या भूछत्राची लागवड करायची होती. ते काम आल्बर्ट फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आले. ट्रफलची शेती काही साधली नाही, पण झाडांची मुळे बुरशीने वेढलेली असूनही झाडे निरोगी आहेत, हे त्याला दिसले. 1885 मध्ये त्याने या जोडीला मायकोरायझा हे नाव दिले. बुरशी म्हणजे रोग, असे मानणाऱ्या काळात हे सहजी पचले नाही. 1957 मध्ये बार्बरा मॉस यांनी सफरचंदाच्या रोपांवर दाखवले, की मुळांत ही बुरशी असली तर रोपे जोमाने वाढतात.

झाडाकडून झाडाकडे अन्न जाते का, हा प्रश्न वेगळा. 1960 मध्ये स्वीडनच्या एरिक ब्यॉर्कमन यांनी झाडात सोडलेली किरणोत्सारी साखर शेजारच्या हरितद्रव्यहीन वनस्पतीत पोचल्याचे दाखवले. 1997 मध्ये सुझान सिमार्ड यांनी कॅनडाच्या जंगलात बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण मोजली. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने तो शोधनिबंध मुखपृष्ठावर घेतला आणि ही कल्पना जगभर गेली. पुढे पुराव्यापेक्षा गोष्टच मोठी झाली. 2023 मध्ये जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी सगळे संशोधन पुन्हा तपासले, तेव्हा प्रत्यक्ष जंगलातला पुरावा तोकडा निघाला. कार्बन हवेतून किंवा मातीतूनही शेजारी पोचू शकतो.

मला वाटते, गोव्याला त्या गोष्टीची गरजही नाही. इथल्या जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतात. मुळांच्या अगदी लगतचा फॉस्फरस लवकर संपतो. मग बुरशीचे केसाहूनही कितीतरी बारीक धागे पुढच्या मातीत शिरून तो आणतात, आणि झाड त्यांना साखर देते. हा व्यवहार पक्का सिद्ध झालेला आहे. झाडाचे मूळ अल्कधर्मी द्रावणात उकळून ट्रिपॅन ब्लूने रंगवले की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशींत निळ्या फांद्या फुटलेल्या दिसतात. देवघेव होते ती तिथेच.

हे सगळे तुटलेले पाहायचे तर खाणपट्ट्यात जावे. खनिज काढताना वरची माती खरवडली जाते, टाकाऊ मातीचे डोंगर उभे राहतात आणि त्यांत बुरशी जवळजवळ उरत नाही. वरची माती वेगळी राखली तरी ढीग बरीच वर्षे पडून राहिला की तिच्यातली बुरशीही क्षीण होते. गोवा विद्यापीठात बी. एफ. रॉड्रिग्ज यांनी खाणींच्या पडीक जमिनीतल्या आणि किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतल्या या बुरशींचा अभ्यास केला, टी. मुथुकुमार यांच्यासोबत त्यांनी 2009 मध्ये गोव्यातल्या प्रजाती ओळखण्याची पुस्तिकाही काढली. खाणीच्या ढिगाऱ्यावर नुसते खड्डे खणून रोपे लावण्याआधी हे काम वाचले जायला हवे. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून ती आधी रोपवाटिकेतच रोपाच्या मुळांत रुजवावी लागते.