स्टार लोतुलेलेई आणि ४४ टक्क्यांचे हृदय

टू-डी इकोचा, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयाच्या तपासणीचा, अहवाल हाती आला की बहुतेक घरांत सर्वांत आधी ‘पंपिंग’चा आकडा शोधला जातो, आणि तो ६० टक्के दिसला तर उरलेले ४० टक्के हृदय निकामी झाले, असे समजून घाबरणारे सुशिक्षित लोकही कमी नाहीत. हा आकडा नेमके काय मोजतो, हे न पाहता त्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई केवळ सामान्य माणूस करतो असेही नाही. २०१३ साली अमेरिकन फुटबॉलमधील एका तरुण खेळाडूचे भवितव्य याच आकड्यामुळे काही आठवडे टांगणीला लागले होते.

स्टार लोतुलेलेई याचा जन्म डिसेंबर १९८९ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरातील टोंगा या छोट्या बेटराज्यात झाला. लहानपणीच तो कुटुंबासह अमेरिकेतील युटा राज्यात आला. मॉर्मन चर्चचा टोंगात दीर्घकाळ प्रसार झालेला असल्याने त्या चर्चचे केंद्र असलेल्या युटामध्ये टोंगन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. साउथ जॉर्डन येथील बिंगहॅम हायस्कूल, मग स्नो कॉलेज आणि त्यानंतर सॉल्ट लेक सिटीतील युटा विद्यापीठ असा त्याचा प्रवास झाला. त्याची जागा बचावफळीच्या मधोमध असे. सुमारे १४० किलो वजनाच्या या खेळाडूचे काम चेंडू घेऊन धावण्याचे नव्हते; समोरून एकाच वेळी अंगावर येणाऱ्या दोन-दोन खेळाडूंना थोपवून धरायचे आणि मधली वाट बंद करायची, हे ते काम होते.

टोंगन आणि सामोअन लोकांच्या ‘रक्तातच फुटबॉल आहे’ असे अमेरिकेत सर्रास म्हटले जाते. सामोअन लोकांमध्ये शरीराच्या वजनाशी निगडित असा एक जनुकीय बदल २०१६ मध्ये आढळला, हे खरे आहे. पण वजनाशी संबंध असलेला जनुकीय बदल हा खेळातील कौशल्याचा जनुक ठरत नाही. व्हाई सिकाहेमा १९८६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेत खेळणारा पहिला टोंगन ठरला. त्याच्यामागून आलेल्या पिढ्यांसमोर त्याचे उदाहरण होते, शाळांचे संघ होते आणि वस्तीचे पाठबळ होते. हे सारे वगळून यशाचे श्रेय रक्ताला देणे म्हणजे त्या खेळाडूंचे कष्ट पुसून टाकणे होय.

या लीगचे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या निवडीपूर्वीच्या चाचण्यांसाठी लोतुलेलेई इंडियानापोलिसला गेला. पहिल्या काही निवडींतच त्याचे नाव येईल, असा तेव्हा जाणकारांचा अंदाज होता. तेथील वैद्यकीय तपासणीत त्याच्या डाव्या निलयाचे, म्हणजे शरीरभर रक्त पाठवणाऱ्या कप्प्याचे, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजेच अहवालातला तो ‘पंपिंग’चा आकडा, ४४ टक्के आढळले. सर्वसाधारणपणे ते ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असते. त्याला मैदानी चाचण्यांत भाग घेऊ दिला गेला नाही.

इजेक्शन फ्रॅक्शन हा एक साधा भागाकार आहे. निलय पूर्ण भरलेले असताना त्यात १२० मिलिलिटर रक्त आहे आणि आकुंचनानंतर ५० मिलिलिटर उरते, असे धरू. म्हणजे ७० मिलिलिटर बाहेर पडले. ७० भागिले १२० केल्यास सुमारे ५८ टक्के येतात. निरोगी हृदयही कधी शंभर टक्के रिकामे होत नाही. उरलेले रक्त हा दोष नसून राखीव साठा आहे: श्रम करताना आकुंचन अधिक जोरदार होते आणि त्याच साठ्यातून जादा रक्त पुरवले जाते. आता दीर्घ पल्ल्याच्या एखाद्या सायकलपटूचे मोठे निलय घ्या. त्यात १८० मिलिलिटर रक्त मावते आणि विश्रांतीच्या वेळी दर ठोक्याला ८५ मिलिलिटर बाहेर पडते. त्याचा भागाकार केवळ ४७ टक्के येतो, पण प्रत्येक ठोक्याला तो पहिल्या माणसापेक्षा अधिक रक्त पुरवत असतो. उलट, भिंती जाड आणि ताठर झाल्यामुळे ज्या निलयात ८० मिलिलिटरच मावतात, त्यातून ५२ मिलिलिटर बाहेर पडले तर आकडा ६५ टक्के इतका देखणा दिसतो आणि तरीही त्या माणसाला जिना चढताना धाप लागू शकते. भागाकाराच्या छेदात काय आहे, म्हणजे निलयात एकूण किती रक्त मावते, हे पाहिल्याशिवाय या टक्केवारीचा अर्थच लागत नाही.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. छाती न उघडता रक्ताचे घनफळ कसे मोजतात? स्वीडनमधील लुंड येथे १९५३ मध्ये इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी हृदयाचे पहिले ध्वनिचित्रण केले, तेव्हा त्यांच्या हाती मागून आणलेले, धातूतील भेगा शोधण्याचे यंत्र होते. तत्त्व आजही तेच आहे. ऐकू न येणारा उच्च कंप्रतेचा ध्वनी शरीरातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, ऊतींच्या सीमांवरून परततो आणि परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. त्यातून निलयाच्या एका सपाट कापाचे चित्र मिळते. घनफळ काढण्यासाठी निलयाची आतली कड दोन वेगवेगळ्या कापांत आखतात आणि दुरडीत एकावर एक रचलेल्या, वर लहान होत जाणाऱ्या भाकऱ्यांप्रमाणे त्या पोकळीच्या वीस चकत्या कल्पून त्यांच्या घनफळांची बेरीज करतात. चकतीचे घनफळ तिच्या व्यासाच्या वर्गानुसार बदलत असल्यामुळे कड आखताना झालेली लहानशी चूकही बेरजेत वाढते. वरच्या उदाहरणात उरलेले रक्त ५० ऐवजी ६० मिलिलिटर मोजले गेले तर ५८ टक्क्यांचे एकदम ५० टक्के होतात. शिवाय १४० किलोच्या देहात छातीच्या जाड थरांतून जाताना ध्वनी क्षीण होतो आणि ती कड धूसर दिसते. एखाद्या विषाणुसंसर्गानंतर स्नायूचे आकुंचन काही दिवस खरोखरच मंदावू शकते, ही शक्यता आणखी वेगळी.

लोतुलेलेईच्या बाबतीत हृदयाच्या घडणीचाही विचार करावा लागतो. निलयाच्या भिंतीवरील ताण आतील दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराशी समप्रमाणात, तर भिंतीच्या जाडीशी व्यस्त प्रमाणात असतो. सायकलपटूच्या हृदयाकडे तासन्‌तास जादा रक्त परतत राहते, म्हणून त्याची पोकळी रुंदावते. वजन उचलताना श्वास कोंडून स्नायू आवळले की रक्तदाब क्षणभर ३०० मिलिमीटर पाऱ्याच्याही पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. हा ताण आटोक्यात ठेवण्यासाठी भिंत जाड होते. मोरगनरॉथ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही विभागणी पुढे बरीच सौम्य करावी लागली, कारण बहुतेक खेळांत दोन्ही भार एकत्र असतात, पण तिचा गाभा टिकून आहे. त्यामुळे कमी आकडा दिसला की पोकळी केवढी आहे, भिंत किती जाड आहे आणि मुख्य म्हणजे व्यायाम करताना आकडा वर चढतो की नाही, हे तपासावे लागते. निरोगी खेळाडूत तो चढतो. आजारी स्नायूला ते सहसा जमत नाही. ‘पंपिंग वाढवणारे’ काढे विकणाऱ्यांनी यांपैकी काहीही मोजलेले नसते, आणि त्यांच्या नादी लागून औषधे थांबवणाऱ्या रुग्णाचा जीव धोक्यात येतो.

युटामध्ये लोतुलेलेईच्या पुन्हा सविस्तर तपासण्या झाल्या आणि त्याचे हृदय खेळण्यास योग्य असल्याचे ठरले. मार्चमध्ये विद्यापीठातील चाचणीत त्याने सुमारे १०२ किलोचा बार बाकावर झोपून ३८ वेळा उचलला. एप्रिलमधील निवडीत कॅरोलिना पँथर्सने त्याला चौदाव्या क्रमांकावर घेतले. पँथर्सच्या बचावफळीत तो पाच हंगाम खेळला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो संघ पन्नासाव्या सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचला, पण डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून २४-१० असा हरला. २०१८ मध्ये बफेलो बिल्सने त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे ५ कोटी डॉलरचा करार केला. महासाथीमुळे लीगने खेळाडूंना माघारीची मुभा दिली तेव्हा २०२० चा हंगाम त्याने सोडला, २०२१ मध्ये तो परतला आणि मार्च २०२२ मध्ये बिल्सने त्याला मुक्त केले.

त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांच्या हृदयाचा प्रश्न मात्र ४४ च्या आकड्यापेक्षा बराच मोठा आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या अभ्यासात असे दिसले आहे की, समोरासमोर भिडणाऱ्या रांगांतील या धिप्पाड खेळाडूंचा विश्रांतीतील रक्तदाब एकाच हंगामात वाढतो आणि त्याबरोबर निलयाची भिंत जाड होत जाते. अशा हृदयाचे इजेक्शन फ्रॅक्शन अनेकदा उत्तम येते, म्हणून त्यांच्या तपासणीत दंडाला बांधायची रक्तदाबाची पट्टी इकोच्या यंत्राइतकीच महत्त्वाची आहे.