सीक्रेट की न पाठवता ओळख पटवायची ती कशी?

‘एचटीटीपीएस आहे ना? मग पासवर्ड तसाच पाठवला तर बिघडलं कुठे?’ प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो अगदीच वेडगळ नाही. एचटीटीपीएसमुळे वाटेत कोणाला मजकूर वाचता येत नाही, बदलताही येत नाही. पण ही राखण वाटेपुरती. पलीकडे सर्व्हरवर मजकूर उलगडतो. तिथल्या लॉगमध्ये रिक्वेस्ट जशीच्या तशी नोंदली गेली, तर पासवर्डही तिथे जाऊन बसतो. म्हणून अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडसारख्या सेवांमध्ये सीक्रेट की, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, पाठवतच नाहीत. ती वापरून रिक्वेस्टवर सही करतात आणि फक्त सही पाठवतात. सर्व्हर आपल्याकडच्या त्याच कीने सही काढून दोन्ही जुळतात का ते बघतो.

हे करून बघायला कर्ल पुरे. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गने १९९८ साली या नावाने आणलेलं, सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं हे कमांड लाइनवरचं टूल. मुळात आयआरसी या चॅटवरच्या गप्पांत चलनाचे दर दाखवायच्या हौसेतून सुरू झालेलं. २०२१ च्या ७.७५.० आवृत्तीपासून ते अ‍ॅमेझॉनच्या पद्धतीची सही स्वतः करतं. आपण फक्त प्रदेश (सर्व्हर जिथे आहेत तो भाग), सेवा आणि की सांगायची.

आत जे घडतं ते मात्र भलतंच देखणं आहे. एसएचए-२५६ हे गणित कितीही लांब मजकुराचा २५६ बिटांचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा, काढतं. मजकुरात एक अक्षर बदला, अख्खा हॅश बदलतो. मग मजकुराच्या सुरुवातीला की चिकटवून हॅश काढला की झाली सही? इथेच मेख आहे. एसएचए-२५६ मजकूर ६४ बाइटच्या तुकड्यांनी घेतं, दर तुकड्यागणिक त्याची आतली स्थिती बदलते, आणि शेवटची स्थिती हेच उत्तर असतं. म्हणजे उत्तर हाती आलं आणि कीची लांबी ताडता आली, की तिथूनच गणित पुढे चालू ठेवता येतं. मजकुराच्या शेपटाला हवं ते जोडा, सीक्रेट की न कळताही नवी सही तयार! २००९ साली थाय डुओंग आणि हुलियानो रिझ्झो यांनी फ्लिकर या फोटोंच्या साइटच्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅमनी तिच्याशी बोलायच्या सोयीत) नेमकं हेच करून दाखवलं. तिथे एमडी५ हे हॅश काढायचं दुसरं गणित होतं, पण बांधणी हीच.

यावरचा उतारा म्हणजे एचमॅक. मिहिर बेलारे, रान कॅनेटी आणि ह्यूगो क्रॉचिक यांची ही रचना १९९७ साली आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. कीचं एका ठरावीक आकड्याशी एक्सऑर करून (म्हणजे दोन्ही बिटागणिक मिसळून) ती मजकुराला जोडायची आणि हॅश काढायचा. मग त्याच कीचं दुसऱ्या आकड्याशी एक्सऑर करून, तिला हा पहिला हॅश जोडून पुन्हा हॅश. बाहेर दिसतो तो दुसरा. पहिला आतच राहतो. गणित पुढे चालवायला धागाच सापडत नाही.

अ‍ॅमेझॉन यावर कडी करतं. मूळ कीने तारखेचा एचमॅक, त्या उत्तराने प्रदेशाचा, त्याने सेवेचा, अशी साखळी. मुंबईसाठी काढलेली सहीची की सिंगापूरला चालत नाही. जाहिरातींतलं ‘मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन’ याच्यापुढे दारावरच्या लिंबू-मिरचीइतकंच कामाचं.

हे वापरताना दोन गोष्टी सांभाळा. की थेट कमांडमध्ये टाइप केली तर ती शेलच्या हिस्टरीत, म्हणजे टाइप केलेल्या कमांडच्या नोंदीत, राहते; ती कॉन्फिग फाइलमध्ये ठेवून फाइलची परवानगी ६०० करावी, म्हणजे ती फक्त तुम्हालाच उघडता येईल. आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची एरर आली की ‘डॅश के (-k) लाव’ असं सांगणारे खूप भेटतात. त्याने सर्टिफिकेटची तपासणीच बंद होते. सहीमुळे की सुरक्षित राहील, पण मधे बसलेल्याला तुमचा डेटा सरळ वाचता येईल.

सहीत वेळही असते आणि ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लागते. कर्ल ते बघून घेतं. स्वतः स्क्रिप्ट लिहून त्यात भारतीय वेळ यूटीसी म्हणून टाकलीत, तर सही साडेपाच तास पुढची ठरते आणि एस३ (तिथली फाइली साठवायची सेवा) ती नाकारतं. त्याला १५ मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही.