मध्यंतर नसलेला काळोख : मराठी एकांकिकेतील भयाची पार्श्वभूमी

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची फेरी चालू असते, तेव्हा दोन एकांकिकांच्या मधल्या वेळात "आवाज कुणाचा" या आरोळीने सभागृह दणाणून जाते. मग तिसरी घंटा होते, दिवे मालवले जातात आणि क्षणापूर्वी घसा फुटेस्तोवर ओरडणारी तीच मुले अंधारात श्वास रोखून बसतात. गेली अनेक वर्षे या अंधारातून जे समोर येते, त्यात मृत्यू, हिंसा, अपराधगंड, पछाडलेली घरे आणि त्याहून पछाडलेली मने यांचा भरणा मोठा आहे. "हल्लीच्या मुलांना एवढे भीषण लिहावेसे का वाटते?" असा प्रश्न ज्येष्ठ प्रेक्षक दरवर्षी कळकळीने विचारतात. काळजीपोटी विचारलेला हा प्रश्न समजण्यासारखा असला, तरी त्यातला "हल्ली" हा शब्द मला पटत नाही. छोटे नाटक आणि भय यांचे नाते फार जुने आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने भयानक हा स्वतंत्र रस मानला, त्याचा स्थायीभाव भय सांगितला, वर्ण काळा आणि देवता काल सांगितली. बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते, असेही तेथे म्हटले आहे. भयाची कारणे सांगताना भरताने विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ही आणि घुबड यांचे ओरडणे, ओसाड घर आणि अरण्य यांचा उल्लेख केला आहे. आजच्या कोणत्याही भयनाट्याचा ध्वनिसंयोजक हीच यादी हाती धरून काम करू शकेल. याच ग्रंथाने युद्ध, मरण, नगराचा वेढा अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, असाही दंडक घातला. म्हणजे भय उत्पन्न करायचे, पण त्याचे मूळ डोळ्यांसमोर आणायचे नाही, असा पेच नाटककारापुढे होता आणि भयनाट्याची सारी कारागिरी या पेचातूनच घडली, असे मला वाटते.

दशरूपकांपैकी, म्हणजे संस्कृत नाटकाच्या दहा प्रकारांपैकी, भाण, व्यायोग, वीथी हे प्रकार एका अंकाचेच आहेत. १९१२ च्या सुमारास टी. गणपतिशास्त्री यांनी प्रकाशात आणलेल्या आणि भासाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या नाटकांतले 'ऊरुभंग' हेही एकांकीच. त्यात तीन सैनिक प्रेतांनी भरलेल्या रणभूमीचे वर्णन करतात, भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध आपल्याला त्यांच्याच शब्दांतून दिसते, आणि नंतर मांड्या मोडलेला दुर्योधन सरपटत समोर येतो. मरणाविषयीचा दंडक येथे मोडला आहे, कारण त्याचा मृत्यू रंगमंचावरच होतो. पण तोवर ऐकलेल्या शब्दांनी प्रेक्षकाची तयारी झालेली असते.

आधुनिक मराठी रंगभूमीने हा वारसा सरळ उचलला नाही. संगीत नाटकाचा प्रेक्षक रात्र रात्र बसत असे, पण करुण प्रसंगानंतर पद येई, पदाला वन्समोअर मिळे आणि मनावरचा ताण उतरे. पुढे व्यावसायिक नाटक आटोपशीर झाले, तरी मध्यंतर राहिले. बटाटेवडा खाऊन परतलेल्या प्रेक्षकाला पुन्हा घाबरवणे किती कठीण असते, हे कोणताही रंगकर्मी सांगेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी या साच्याबाहेर जाऊन लिहिणारे म्हणजे 'दिवाकर' या नावाने लिहिणारे शंकर काशीनाथ गर्गे. पुण्यात शिक्षक असलेल्या दिवाकरांनी इंग्रज कवी ब्राउनिंगच्या स्वगतकाव्यांपासून प्रेरणा घेऊन १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो आणि समोरच्याचे उत्तर आपण त्याच्या बोलण्यावरून ओळखायचे असते. एका घरातले मरण दुसऱ्या घरात बढती होऊन कसे येते, हे त्यांनी दोन-अडीच पानांत दाखवले, आणि त्यात भूत नसूनही ते वाचताना अंगावर काटा येतो. ऐकू न येणारी अर्धी बाजू प्रेक्षकाच्या मनात तयार होते, हे मर्म त्यांना गवसले होते. त्याच काळात पॅरिसमध्ये आंद्रे द लॉर्द या नाटककाराच्या एका लघुनाटकात घरापासून दूर असलेला माणूस आपल्या कुटुंबाची हत्या दूरध्वनीवरून ऐकतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी युक्ती एकाच जातीची होती.

पॅरिसचा उल्लेख आला आहे, तर तेथील ग्रां गिन्योल या नाट्यगृहाबद्दलही सांगायला हवे. १८९७ मध्ये एका जुन्या प्रार्थनागृहात सुरू झालेल्या, तीनशेहून कमी आसनांच्या या नाट्यगृहात एका संध्याकाळी अनेक छोटी नाटके होत. भीषण नाटकानंतर प्रहसन, प्रहसनानंतर पुन्हा भीषण नाटक, असा गरम-गार पाण्याचा मारा केला जाई. हे नाट्यगृह १९६२ मध्ये बंद झाले. मराठीत भयनाट्याला असे हक्काचे घर कधी मिळाले नाही. त्याला आसरा दिला तो प्रायोगिक संस्थांनी आणि स्पर्धांनी.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या 'रंगायन' या प्रायोगिक नाट्यसंस्थेने मराठी प्रेक्षकाला अस्वस्थ होऊन घरी जाण्याची सवय लावली. नागपुरात महेश एलकुंचवार चित्रपटाचे तिकीट मिळाले नाही म्हणून विजय तेंडुलकरांच्या नाटकाला गेले आणि तो प्रयोग पाहून लिहू लागले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथा' मासिकात आली आणि दिग्दर्शिका विजया मेहतांनी पुढे 'सुलतान', 'होळी' यांचे प्रयोग केले. 'होळी'त सणाची सुटी नाकारल्याने चिडलेली महाविद्यालयीन मुले आपल्यातल्याच एका मुलाचा असा छळ करतात की तो जीव देतो. पिशाच नाही, खलनायकही नाही. ओळखीची, हसरी मुले हळूहळू जमाव होतात आणि प्रेक्षक उठून जाऊ शकत नाही, कारण मध्यंतरच नाही. माझ्या मते, मराठी एकांकिकेतल्या काळोखाला खरे वळण येथे मिळाले. भय बाहेरून न येता वसतिगृहाच्या खोलीत आपोआप तयार होऊ शकते, हे त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने गृहीत धरले.

त्याच सुमारास, १९७० मध्ये, डॉ. श्रीराम लागू यांनी तेंडुलकरांचे 'गिधाडे' रंगमंचावर आणले. हे पूर्ण लांबीचे नाटक असले, तरी त्यातल्या एका डागाची गोष्ट येथे महत्त्वाची आहे. गर्भपातानंतर समोर येणाऱ्या स्त्रीच्या वस्त्रावरच्या रक्ताच्या डागाला नाट्य परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाने हरकत घेतली, तेव्हा तो डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा, असे प्रेक्षकांना सांगितले गेले. लाल डाग डोळ्यांनी पाहून संपला असता. निळा डाग प्रेक्षकाला स्वतः लाल करावा लागला. नाट्यशास्त्रात बीभत्साचा वर्ण निळाच सांगितला आहे, हा योगायोग माझ्या मनातून जात नाही.

१९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि प्रेक्षक नटाच्या इतका जवळ आला की कुजबुजही पुरेशी ठरू लागली. रत्नाकर मतकरींचे स्थान याच घडणीत आहे. १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून त्यांची पहिली एकांकिका प्रसारित झाली, म्हणजे त्यांची सुरुवातच केवळ आवाजावर विसंबणाऱ्या माध्यमातून झाली. पुढे त्यांनी नाटके आणि गूढकथा एकाच निष्ठेने लिहिल्या. त्यांच्या गूढकथेत भीती बहुतेकदा नात्यांमधून, मत्सरातून, एकटेपणातून उगवते. त्यामुळे आज महाविद्यालयीन मुले जे भयनाट्य करतात, त्याची भाषा मला परकीय चित्रपटांपेक्षा मतकरींच्या अधिक जवळची वाटते.

पुरुषोत्तम करंडक १९६३ मध्ये महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने सुरू केला. स्पर्धेत वेळ नेमून दिलेला असतो, नेपथ्य लावायला आणि काढायला मोजकी मिनिटे मिळतात आणि पैशांची चणचण कायमचीच असते. बंगला उभारता येत नाही म्हणून एक दार उभे करायचे, आणि त्या दारामागे काय आहे, हे नटाच्या नजरेवर सोडायचे. नव्या एकांकिकेचे रसग्रहण करताना मी प्रथम हे दार पाहतो. ते उघडण्याची घाई झाली, धूर सोडला, कर्णकर्कश ध्वनी वाजवला, तर प्रेक्षक दचकतो, पण घाबरत नाही. विशीतली मुलगी नुसती दाराकडे पाहत राहिली आणि सभागृहातल्या शेवटच्या रांगेतली चुळबुळ थांबली, तर तिथे लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय तिन्ही जमले आहेत, असे समजावे.

मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' स्पर्धा अन्यत्र पहिल्या आलेल्या एकांकिकांसाठी असते आणि तिची अंतिम फेरी २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. कोकणातल्या देवळासमोर दशावतार पाहणारा गावकरी असाच रात्रभर जागतो आणि काळ्या वेषातला संकासुर आला की लहान मुले आईच्या पदरात तोंड लपवतात. 'सवाई'च्या रात्री भीषण एकांकिकेमागून विनोदी, विनोदीमागून पुन्हा भीषण, असा क्रम जुळून आला, तर प्रेक्षकाला तोच गरम-गार मारा बसतो. एखादी एकांकिका काळोखात संपते आणि दोन-तीन श्वासांपुरती कुणाचीच टाळी वाजत नाही. विंगेत उभी असलेली मुले तेवढा वेळ एकमेकांचे हात घट्ट धरून असतात.